साध्या फाइलींतून मराठी साइट: गोव्यातल्या वाचनालयांना आणि मंडळांना पडणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची साइट सांभाळते. ती उभी राहिल्यावर डिचोली, पेडणे, वाळपई इकडची दोन-चार मंडळे चौकशीला आली. कोणाला जत्रेच्या नाटकांची यादी ठेवायची होती, कोणाला भजनी मंडळाचे जुने फोटो, कोणाला गावच्या शिगम्याची माहिती. प्रत्येकाशी बोलताना तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी टाइप करता येते आणि फाइल-फोल्डर ठाऊक आहेत, एवढेच गृहीत धरले आहे.

स्टॅटिक साइट म्हणजे नेमके काय?

जत्रेत खाज्याच्या दुकानावर पुडे आधीच बांधून मांडलेले असतात. गिऱ्हाईक आले की पुडा उचलून हातात द्यायचा. स्टॅटिक साइटचे तसेच. पाने आधीच तयार करून सर्व्हरवर ठेवायची. वाचक आला की सर्व्हर ती फाइल जशीच्या तशी पाठवतो. दुसऱ्या प्रकारात वाचक आल्यावर भट्टी पेटते: प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो, पान जुळवतो, मग देतो. बँकेला किंवा तिकीट आरक्षणाला ते हवेच. नाटकांच्या यादीला आणि स्मरणिकेतल्या लेखांना नको, कारण तो मजकूर वर्षातून फार तर चारदा बदलतो.

मजकूर कशात लिहायचा?

साध्या मजकूर-फाइलीत. नोटपॅडमध्ये उघडते तशी फाइल. मथळा, यादी, ठळक शब्द यांसाठी काही ठरलेल्या खुणा वापरायच्या, आणि त्या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. जॉन ग्रुबर यांनी ती २००४ मध्ये मांडली, ॲरन स्वार्ट्झ यांचा तिच्यात हातभार होता. आमच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, पानाचा एक तुकडा असा आहे (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट):

`## माटोळीला काय काय बांधतात`
`- नारळाची पेंड`
`- सुपारीचा घड`
`- तोरिंजन`
`- आंबाडे`

दोन हॅश म्हणजे उपमथळा, आडवी रेघ म्हणजे यादीतली एक बाब, दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका म्हणजे ठळक. फाइलीच्या अगदी वर, तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये, शीर्षक आणि तारीख लिहितात. बस्स. हा तुकडा कोणत्याही साधनाशिवाय, छापून काढला तरी, माणसाला वाचता येतो. माझ्या लेखी या पद्धतीचे सगळ्यात मोठे बळ तेच.

एवढा खटाटोप कशाला? तयार साइट विकत मिळतेच की.

आमची पहिली साइट तशीच होती. एका कंपनीने करून दिली, तीन वर्षे चालली, मग होस्टिंगचे नूतनीकरण राहिले आणि एके दिवशी साइट दिसेनाशी झाली. बऱ्याच खेपा घातल्यावर बॅकअप म्हणून एकच मोठी फाइल हातात आली. उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. नाट्यमहोत्सवाचे वृत्तांत, दिवंगत कलाकारांवरचे लेख, सगळ्यांची तीच गत. इंग्रजी तारखा आणि फोन नंबर मात्र शाबूत होते.

कारण नंतर कळले. डेटाबेसची अक्षरव्यवस्था पश्चिम युरोपीय अक्षरांपुरती ठेवलेली होती. तिच्यात न बसणारे अक्षर आले की ती त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळी होते, आणि मूळ अक्षर कायमचे जाते. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी नीट बघा: प्रश्नचिन्हे असतील तर मजकूर गेला. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ आणि त्यामागे चार कोपऱ्यांना टोके फुटलेले गोल चिन्ह, असा गुंता पुन्हा पुन्हा दिसत असेल तर आशा आहे. ते मूळ बाइटच आहेत, फक्त चुकीच्या कोष्टकाने वाचले जात आहेत. जाणकार माणूस ते परत मराठीत आणू शकतो.

त्या वृत्तांतांपैकी जे सापडले ते लोकांच्या कपाटांतल्या छापील स्मरणिकांतून पुन्हा टाइप केले. म्हणून मी प्रत्येक मंडळाला एकच गोष्ट कळकळीने सांगते: मजकूर तुमच्या हातात, तुमच्या फाइलीत, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरे साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, असू द्या. साइट आज एका साधनाने शिवा, उद्या दुसऱ्या. कापड आपले असले पाहिजे.

फाइलींची पाने करणारे साधन कोणते घ्यावे?

जेकिल २००८ चे, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी केलेले; या प्रकाराला लोकप्रियता त्याने मिळवून दिली. ह्यूगो २०१३ पासून आहे, स्टीव्ह फ्रान्सिया यांनी सुरू केले. इलेव्हन्टी जावास्क्रिप्ट जाणणाऱ्यांना आवडते, पेलिकन पायथन जाणणाऱ्यांना.

मी ह्यूगो सुचवते. ते एकाच फाइलीत येते. ती कॉम्प्युटरवर ठेवली की झाले, सोबत आणखी पन्नास गोष्टी उतरवून घ्याव्या लागत नाहीत. सत्तरी तालुक्यात जुलैच्या पावसात वीज आणि इंटरनेट दोन्ही जातात. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम पुढे चालते. शेकडो पानांची साइट ते काही सेकंदांत बांधते. घरात कोणाला दुसरे साधन आधीच येत असेल तर मात्र तेच घ्या. मदत करणारा माणूस जवळ असणे साधनाच्या गुणांपेक्षा मोलाचे आहे.

पहिल्या दिवशी काय करायचे?

ह्यूगोला नवी साइट सुरू करायला सांगितले की ते फोल्डर आखून देते. ‘कंटेंट’ फोल्डरमध्ये तुमच्या मजकूर-फाइली, ‘स्टॅटिक’मध्ये फोटो आणि पीडीएफ, ‘लेआउट्स’मध्ये पानाचा साचा. साचा सुरुवातीला तयार थीममधून घ्या. ह्यूगोचा स्वतःचा तात्पुरता सर्व्हर सुरू केला की साइट तुमच्याच कॉम्प्युटरवर, १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर (ब्राउझरमध्ये `localhost:1313` या पत्त्यावर) दिसू लागते. फाइलीत बदल करून साठवला की ब्राउझरमधले पान आपोआप ताजे होते. मन भरले की अंतिम बांधणीची आज्ञा द्यायची. ‘पब्लिक’ नावाचे फोल्डर तयार होते, आणि तेच तुमची साइट. सर्व्हरवर फक्त तेच जाते.

मराठी लिहिताना मार्कडाउन कुठे अडते?

हा भाग सावकाश वाचा. इंग्रजी मार्गदर्शिकांत यातले फारसे काही सापडत नाही, कारण अडचण आपल्या विभक्ती-प्रत्ययांची आहे.

आपण प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहितो. समजा ‘मांडवी’ हे नाटकाचे नाव अवतरणात आणि ठळक हवे आहे. तुम्ही सहज लिहाल: `**'मांडवी'**च्या तालमी`. पान उघडले की ठळक काहीच नसते, तारका मात्र उघड्यावर पडलेल्या दिसतात. मार्कडाउनचा काटेकोर नियमसंच, म्हणजे २०१४ पासूनचा कॉमनमार्क, असे सांगतो की बंद करणाऱ्या तारकांच्या आधी विरामचिन्ह असेल तर त्यांच्या पुढे मोकळी जागा किंवा दुसरे विरामचिन्ह हवे. इथे पुढे ‘च्या’ आहे, म्हणून तारका बंद होतच नाहीत. उपाय सोपा: अवतरण बाहेर, तारका आत. `'**मांडवी**'च्या तालमी` असे लिहिले की बरोबर उमटते.

तारकेऐवजी खालची रेघ वापरायची काहींना सवय असते. `_मांडवी_च्या` लिहिले तर तेही फसते, कारण शब्दाला दोन्हीकडून चिकटलेली खालची रेघ खूण मानली जात नाही. मराठीसाठी कायम तारकाच वापरा.

एक तारका म्हणजे तिरके अक्षर. देवनागरीत तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. बहुतेक फाँटांत तो नमुनाच नसतो आणि ब्राउझर अक्षरे नुसती ढकलून वाकवतो. शिरोरेघ घसरल्यासारखी दिसते. आम्ही शैलीपत्रकात (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस फाइलीत) सांगून ठेवले आहे की असा शब्द सरळच ठेवावा आणि त्याचा रंग थोडा गडद करावा.

आकड्यांचा मुद्दा असा की ‘१.’ असे देवनागरीत लिहून क्रमांकित यादी होत नाही. मार्कडाउनला तिथे इंग्रजी आकडाच लागतो. यादी इंग्रजी आकड्यांनी लिहा आणि वाचकाला देवनागरी आकडे दाखवण्याचे काम शैलीपत्रकावर सोपवा, त्याची सोय आहे. उलटी फसगतही होते. परिच्छेदाची पहिलीच ओळ इंग्रजी आकड्यांतल्या सालाने सुरू झाली आणि सालापुढे टिंब दिले, तर साधनाला ती यादी वाटते. गोवा मुक्तीच्या आठवणींचे एक पान आमच्याकडे असेच ‘१९६१ क्रमांकाची बाब’ होऊन बसले होते.

आणि आरत्या, नांदी, अभंग. मार्कडाउन लागोपाठच्या ओळी एकत्र जोडून परिच्छेद करतो, त्यामुळे चार चरण एका रांगेत वाहून जातात. प्रत्येक चरणाच्या शेवटी उलटी तिरकी रेघ द्या. दोन मोकळ्या जागा दिल्या तरी चालते, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोणीतरी फाइल साफ करताना त्या पुसून टाकतो.

जुन्या स्मरणिका पेजमेकर या छपाईची पाने जुळवायच्या प्रोग्राममध्ये आहेत. तो मजकूर घेता येईल का?

येईल, पण श्रम आहेत. छापखान्यांत वर्षानुवर्षे जे मराठी फाँट वापरले जात, त्यांत आतून इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असत. फक्त चित्र मराठी दिसे. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते ती त्यामुळे. त्याला फाँटगणिक वेगळे परिवर्तक लागतात. परिवर्तनानंतर दोन ठिकाणी न चुकता नजर टाका. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. ‘निर्मिती’ हा शब्द नीट आला असेल तर परिवर्तक बहुधा भरवशाचा आहे.

मजकूर वर्डमध्ये आणि युनिकोडमध्ये असेल तर सुख आहे. पॅनडॉक हे जॉन मॅकफार्लेन यांचे २००६ पासूनचे मोफत साधन वर्डची फाइल थेट मार्कडाउनमध्ये आणून देते, मथळे-याद्यांसकट.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का?

ठेवता येतो, पण मी ठेवत नाही. पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना अनेकदा त्याचे सांकेतिक रूप होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. ‘गोवा’ हा शब्द आतून चार चिन्हांचा: ग, ओकार, व, काना. म्हणजे पत्त्यात छत्तीस अक्षरे! एवढी शेपटी बघून लोकांना वाटते काहीतरी फसवणूक आहे, आणि ते दुव्यावर बोट ठेवत नाहीत.

दुसरे, काही साधने शीर्षकावरून पत्ता बनवताना ‘अक्षर नसलेले’ सगळे गाळतात. काना, मात्रा, वेलांटी त्यांच्या हिशेबी अक्षरे नव्हेत. ‘गोवा’चे ‘गव’ होते. फाइलीचे नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत ठेवा. शीर्षक मराठीतच असू द्या.

फाँटचे काय?

१५५६ मध्ये जुने गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला, तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी पुराण १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीतच छापले गेले, कारण देवनागरी खिळे नव्हते. आज नोटो, मुक्त यांसारखे उत्तम देवनागरी फाँट फुकट मिळतात, तेव्हा आळस करू नका.

फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड असते, म्हणून साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार घ्या, आणि फाँट उतरेपर्यंत वाचकाच्या फोनमधल्या फाँटात मजकूर दिसेल अशी सूचना शैलीपत्रकात द्या. ओळींमधले अंतर अक्षराच्या १.७ पट तरी हवे. खाली उकार आणि वर मात्रा-अनुस्वार असतात, त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. अक्षरांतले अंतर वाढवू नका. शिरोरेघ तुटते.

पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचे सांगायला विसरू नका. न सांगितल्यास काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. दृष्टिहीन वाचकाचे वाचून दाखवणारे साधनही याच नोंदीवरून भाषा ठरवते. काही पाने कोंकणीत असतील तर त्यांवर कोंकणीचीच नोंद करा. लिपी एक म्हणून भाषा एक धरू नये.

सकाळी दहाला टाकलेले पान दुपारपर्यंत दिसलेच नाही. असे का?

तारखेमुळे. वर ‘सकाळी १०’ लिहिले आणि कोणत्या प्रदेशातले दहा ते सांगितले नाही, तर ह्यूगो ते जागतिक वेळेनुसार धरते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे त्याच्या लेखी ते पान दुपारी साडेतीनचे, आणि भविष्यातली पाने ते बांधतच नाही. सेटिंग्जमध्ये टाइमझोन कोलकाता ठेवा. आणि साडेतीन वाजले की पान आपसूक उगवेल असेही नाही. स्टॅटिक साइट पुन्हा बांधल्याशिवाय हलत नाही. जत्रेची सूचना आदल्या दिवशी टाकली होती म्हणून आमचे त्या वेळी निभावले.

माझ्याकडे फोटो दिसतो, सर्व्हरवर दिसत नाही.

दहात नऊ वेळा कारण एकच. कॅमेऱ्याने फाइलीच्या नावातले ‘जेपीजी’ मोठ्या इंग्रजी लिपीत लिहिले आणि तुम्ही मजकुरात लहान लिपीत. विंडोजला दोन्ही सारखे, सर्व्हरवरच्या लिनक्सला दोन वेगळ्या फाइली. फोटोच नव्हे तर सगळी सजावटच गायब असेल, तर साइटचा मूळ पत्ता सेटिंग्जमध्ये चुकला आहे. साइट उप-फोल्डरमध्ये असताना हे हमखास होते.

साइट ठेवायची कुठे, आणि खर्च किती?

छोट्या मंडळाला शून्य रुपये. गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय यांच्या मोफत सेवा पुरून उरतात. गिटहब पेजेसवर प्रकाशित साइट १ जीबीच्या आत हवी. क्लाउडफ्लेअरवर एक फाइल २५ एमबीहून मोठी चालत नाही. याचा सरळ अर्थ असा की नाटकाचे चित्रीकरण इथे ठेवू नका. ते व्हिडिओच्या सेवेवर ठेवून फक्त दुवा द्या, आणि मूळ फाइल हार्ड डिस्कवर जपा. फोटो मात्र ठेवा, पण आधी रुंदी १६०० पिक्सेलवर आणा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर गावात एका काडीच्या नेटवर्कवर पान उघडत नाही.

मजकुराची चिंता नको. मोठा मराठी लेखही पन्नास केबीच्या आसपास असतो, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्याने सर्व्हर तो दाबून पाठवताना आकार खूपच उतरतो.

स्वतःचा सर्व्हर चालवला तर?

कोणी तरुण उत्साही असेल तर जरूर. भाड्याचा सगळ्यात लहान लिनक्स सर्व्हर पुरे. त्यावर एंजिनएक्स किंवा कॅडी हा वाचकाला पाने पाठवणारा प्रोग्राम बसवा, ‘पब्लिक’ फोल्डर आरसिंक या साधनाने चढवा; ते फक्त बदललेल्या फाइलीच पाठवते. मी कॅडीकडे झुकते, कारण सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ते स्वतः आणते आणि स्वतः नवे करते. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची नेहमीची मोफत प्रमाणपत्रे तीन महिन्यांहून जास्त टिकत नाहीत, आणि हाताने नूतनीकरण करायचे म्हटले की ते नेमके चवथीच्या गडबडीत राहून जाते. तो उत्साही तरुण नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर सर्व्हर कोण बघणार, हे मात्र आधी ठरवा.

डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचे नाव, कोणाच्या नावावर घ्यावे?

संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर. साइट करून देणाऱ्याच्या नावावर कधीही नाही. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ही मिळते, हवे तर घ्या, पण जोडीला इंग्रजी अक्षरांतले एक ठेवा.

साइटवर शोधायची सोय होईल का?

होईल. बांधणीच्या वेळी शब्दसूची तयार करून ठेवायची, ब्राउझर तिच्यात शोधतो. निवडलेले साधन देवनागरी शब्द ओळखते का ते आधी तपासा. काही जुनी साधने इंग्रजी नसलेली अक्षरे कचरा समजून फेकतात.

तरीही एक पेच राहतोच. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲप’मधला ‘ॲ’ही तसाच, एक अखंड आणि एक ‘अ’वर चंद्र ठेवलेला. डोळ्याला सारखे, यंत्राला वेगळे. एकाने लिहिलेले दुसऱ्याला शोधून सापडत नाही. बांधणीपूर्वी सगळ्या फाइलींत एकच रूप करून घेणारी चार ओळींची स्क्रिप्ट आम्ही चालवतो.

संपर्काचा फॉर्म?

लागत नाही. वाचनालयाचा फोन आणि ईमेल लिहा.

आमचे लेखक सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना हे जमेल?

आमच्याकडे सगळ्यात जास्त पाने एका निवृत्त मास्तरांची आहेत. सुरुवातीला ते वहीत लिहून आणत. मग म्हणाले, “बाय, त्या तारका कुठं द्यायच्या तेवढं दाखव.” एका पुठ्ठ्यावर पाच खुणा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या: मथळा, यादी, ठळक, दुवा, चरणाचा शेवट. तो पुठ्ठा अजून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. ते फोनवर बोलून टाइप करतात, खुणा हाताने घालतात आणि फाइल मला पाठवतात. प्रत्येक बदलाची नोंद गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात मी ठेवते. त्यांना गिट शिकवायचा प्रयत्न केला नाही आणि त्याची गरजही पडली नाही. दर अमावास्येला ‘कंटेंट’ फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मी वाचनालयाच्या लोखंडी कपाटात ठेवते. चावी मास्तरांकडे असते.